हॉट फाइव्हच्या तबकड्या

राजकीय इतिहास लिहिणारास दप्तरे सापडतात, वाङ्मयाच्या इतिहासकारास पोथ्या मिळतात. संगीताच्या इतिहासकाराची स्थिती मात्र फार काळ केविलवाणी होती. तानसेन कसा गात असे ह्याविषयी आख्यायिका हव्या तितक्या आहेत, परंतु त्याचा एक सूर ऐकवील असा मनुष्य पृथ्वीतलावर नाही. एखादी गायकी बदलली म्हणजे ती केव्हा बदलली, कोणी बदलली, जुन्यातले काय टाकले आणि काय राखले, ह्या प्रश्नांची उत्तरे शिष्यपरंपरेच्या सांगोवांगीवरून काढावी लागतात; आणि शिष्यांची स्मरणशक्ती गुरुभक्तीने रंगलेली असते हे सांगावयास नको. ग्रामोफोनची तबकडी आली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. अमेरिकेतील जॅझ ह्या संगीताचे बालपण जरी हवेत विरून गेले असले, तरी त्याचे तारुण्य तबकड्यांत साठवलेले आहे. त्यातही १९२५ ते १९२८ ह्या काळात शिकागो शहरी ‘हॉट फाइव्ह’ ह्या नावाने ज्या तबकड्या निघाल्या, त्या अशा आहेत की, एक कला एका अवस्थेतून दुसरीत जाताना त्यांत तारीखवार ऐकू येते. त्यांचाच विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

जॅझची जन्मभूमी न्यू ऑर्लिन्स. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची ही वस्ती मिरवणुकांची, नाचगाण्यांची आणि प्रेतयात्रेतसुद्धा बँड वाजविण्याची हौशी होती. तेथे जी वादनपद्धती सिद्ध झाली, तिची मांडणी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कॉर्नेटने मूळ चाल धरावयाची. क्लॅरिओनेटने तिच्यावर वेलीसारखे चढत जावयाचे. आणि ट्राँबोनने खालच्या सप्तकात लांब ओढीच्या सुरांनी दोघांस आधार द्यावयाचा. आपल्याकडील लग्नाच्या वरातीतील बँड ऐकलेल्या वाचकांस ह्या वाद्यांची ओळख नव्याने करून द्यावयास नको. परंतु वरातीत सर्वजण एकच चाल वाजवितात. येथे तिघे तीन चाली वाजवितात, त्याही आयत्या वेळी रचून, आणि तरी आदळआपट होत नाही. कारण तिघांच्या पायांखाली ठराविक क्रमाने बदलत जाणारे स्वरसमूह, ज्यांस कॉर्ड म्हणतात ते, बँजो आणि पियानो ह्यांनी अंथरलेले असतात. आणि त्याहूनही मोठे कारण हे की, प्रत्येकजण दुसऱ्याचे ऐकत असतो. ह्या मेळ्यात कोणी राजा नव्हता. फार तर कॉर्नेटवाला पंक्तीतील पहिल्या पानावर बसे, इतकेच.

ह्या पद्धतीचा पहिला नामांकित कॉर्नेटवादक बडी बोल्डन १९०७ साली वेड्यांच्या रुग्णालयात गेला, तो बाहेर आलाच नाही. त्याची एकही तबकडी उपलब्ध नाही. १९१७ साली जॅझ ह्या नावाची पहिली तबकडी निघाली, ती गोऱ्या वादकांची. ज्यांनी हे संगीत घडविले त्यांच्या वाट्यास मुद्रणयंत्र उशिरा आले, आणि आले तेही वेगळ्या दाराने. ‘रेस रेकॉर्ड्स’ ह्या नावाखाली कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांकरिता निराळी सूची काढण्याची रीत अमेरिकेतील कंपन्यांनी पाडली. १९२० साली मेमी स्मिथ ह्या गायिकेच्या तबकडीस अपेक्षेबाहेर खप आला, तेव्हा ओके नावाच्या कंपनीस हा बाजार दिसला. कलेचे प्रेम हे त्यामागील कारण नव्हते. पण व्यापाऱ्याच्या हिशेबी बुद्धीने कलेचे कल्याण झाल्याची उदाहरणे आपल्याकडेही थोडी नाहीत.

लुई आर्मस्ट्राँग ह्याचा जन्म न्यू ऑर्लिन्स येथे ४ ऑगस्ट १९०१ रोजी झाला. तो स्वतः जन्मभर आपली जन्मतारीख ४ जुलै १९००, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, सांगत असे. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून उघडकीस आली. घरी अठराविश्वे दारिद्र्य. नववर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडविल्यावरून १९१३ च्या प्रारंभी ह्या पोरास अनाथ व उनाड मुलांच्या सुधारगृहात धाडले गेले, आणि तेथील बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आले. पुढे जो ऑलिव्हर ह्या थोर कॉर्नेटवाल्याची कृपा त्याच्यावर झाली. ऑलिव्हरास लोक ‘किंग’ म्हणत. दक्षिणेकडील जाच आणि उत्तरेकडील कारखान्यांतील मजुरी ह्या दोहोंमुळे लक्षावधी कृष्णवर्णीय त्या काळी उत्तरेस चालले होते. त्या लोंढ्याबरोबर ऑलिव्हर शिकागोस गेला, आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये त्याने शिष्यास बोलावून घेतले.

एप्रिल १९२३ मध्ये ऑलिव्हरच्या मेळ्याने इंडियाना प्रांतातील रिचमंड गावी तबकड्या दिल्या. विजेचा ध्वनिग्राहक त्या वेळी नव्हता; एका मोठ्या कर्ण्यासमोर सर्वांनी दाटीने उभे राहून वाजवावयाचे, आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ काढणार. गुरूशेजारी शिष्य उभा राहिला तेव्हा गुरूचे वाद्य ऐकूच येईना, म्हणून आर्मस्ट्राँगला दहा-पंधरा फूट मागे कोपऱ्यात उभे केले, आणि तो तेथे खिन्न मुद्रेने उभा होता, अशी हकीकत मेळ्यातील पियानोवादिका लिल हार्डिन पुढे सांगत असे. हकीकतीत फुटांची संख्या थोडी वाढली असेल. पण त्या तबकड्या ऐकताना मागून येणारा तो दुसरा, भरदार सूर ओळखू येतो, हे खरे. गुरुशिष्य दोघे मिळून अधूनमधून मेळा थांबवीत आणि दोन कॉर्नेटांवर एखादी लहानशी तान जोडीने टाकीत. श्रोत्यांस वाटे की, हे न ठरविता जुळते तरी कसे! शिष्य गुरूच्या बोटांकडे पाहून ओळखतो, हे रहस्य त्यांस कोठून ठाऊक असणार?

लिलने फेब्रुवारी १९२४ मध्ये ह्या बुजऱ्या तरुणाशी लग्न केले, आणि तू दुसऱ्या जागेवर बसण्याकरिता जन्मलेला नाहीस, हे त्याच्या गळी उतरविले. तिच्याच आग्रहाने तो ऑलिव्हरास सोडून त्याच वर्षी न्यू यॉर्क येथे फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या वाद्यवृंदात गेला. तेथे सर्व काही कागदावर लिहिलेले, आणि मधे एकेका वादकास थोडी मोकळी जागा दिलेली. त्या मोकळ्या जागेत एकट्याने उभे राहून बोलण्याची सवय आर्मस्ट्राँगला लागली. आमच्या मते पुढे जे घडले त्याचे बीज येथे आहे. नोव्हेंबर १९२५ मध्ये तो शिकागोस परतला, आणि त्याच महिन्याच्या १२ तारखेस ओके कंपनीकरिता हॉट फाइव्हची पहिली बैठक झाली.

हे पाच जण असे : कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग, ट्राँबोनवर किड ओरी, क्लॅरिओनेटवर जॉनी डॉड्स, बँजोवर जॉनी सेंट सिर आणि पियानोवर लिल. लिलखेरीज सारे न्यू ऑर्लिन्सच्या रिवाजात वाढलेले आणि एकमेकांस वर्षानुवर्षे ओळखणारे. येथे एक गोष्ट वाचकांनी विसरू नये. ह्या नावाचा मेळा शिकागोत कोठे नियमाने वाजत होता असे नाही. १९२६ मध्ये कोलिसिअम नावाच्या सभागृहात कंपनीने भरविलेल्या जलशासारखा विरळा प्रसंग सोडला, तर तो केवळ तबकड्यांकरिताच एकत्र येई. पाचही जण रात्री निरनिराळ्या ठिकाणी नोकरीस असत आणि दिवसा कर्ण्यासमोर जमत. ज्या मेळ्याने एका युगाचा आवाज ठरविला, तो मेळा जवळजवळ यंत्रापुरताच अस्तित्वात होता!

पहिल्या दिवशीच्या तीन मुद्रिकांपैकी ‘गट बकेट ब्लूज’ हिच्यात आर्मस्ट्राँग चालू वादनात एकेका सोबत्याचे नाव घेऊन त्यास उत्तेजन देतो, आणि ज्याचे नाव घ्यावे तो पुढे येऊन आपले वाजवितो. हा आपलेपणा पाहिला म्हणजे जुना कुटुंबवत्सल मेळा अजून शाबूत आहे असे वाटते, आणि तो आहेही. परंतु तबकडीच्या मध्यावर चिकटविलेला कागद निराळेच सांगत होता. ‘लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे हॉट फाइव्ह’ असे त्यावर छापलेले होते. संगीतात जे अद्याप घडावयाचे होते ते छापखान्याने आधीच जाहीर केले.

२६ फेब्रुवारी १९२६ ह्या एका दिवशी सहा मुद्रिका झाल्या. त्यांतील ‘हीबी जीबीज’ ही लोकांच्या तोंडी झाली. हिच्यात आर्मस्ट्राँग शब्द सोडून निरर्थक अक्षरांवर गाऊ लागतो. गाताना शब्दांचा कागद हातातून गळून पडला, म्हणून वेळ मारून नेण्याकरिता त्याने ही युक्ती काढली, अशी कथा त्याने आणि इतरांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे. कथा गोड आहे. पण अशी गायनपद्धती त्याच्या आधीही तबकड्यांवर सापडते, आणि ज्याने तराना ऐकला आहे त्या आपल्याकडील श्रोत्यास अर्थहीन अक्षरांचे संगीत अपघाताखेरीज जन्मत नाही असे कोणी सांगू गेले, तर तो हसेल. नवल अक्षरांचे नव्हते. नवल हे होते की, ह्या माणसाचा कंठ आणि त्याचे कॉर्नेट एकाच मनाची दोन दारे आहेत, हे त्या दिवशी कळले.

त्याच दिवशीच्या ‘कॉर्नेट चॉप सुई’ ह्या मुद्रिकेविषयी अधिक लिहिले पाहिजे. हिच्यात कॉर्नेट आपली पंक्ती सोडून क्लॅरिओनेटसारखे धावते, उड्या घेते, मेळ्यास थांबवून एकटेच बोलते. बहुतेकांनी ह्यास आयत्या वेळच्या स्फूर्तीचा नमुना मानले. परंतु ह्या चालीची आर्मस्ट्राँगने स्वहस्ते लिहिलेली स्वरलिपी जानेवारी १९२४ मध्ये स्वामित्वहक्काच्या नोंदीकरिता वॉशिंग्टनास पोचली होती, आणि तबकडीतील वादन तिच्याशी बरेचसे जुळते. म्हणजे ही स्फूर्ती दोन वर्षे मुरलेली होती. ह्याने तिची किंमत कमी होते असे आम्हांस मुळीच वाटत नाही. आपला गवयी रियाझात घोटलेली तान मैफलीत अशी टाकतो की, ती तेथेच सुचली असे वाटावे. त्यास आपण लबाड म्हणत नाही. जॅझचे कौतुक करणाऱ्या काही लेखकांनी त्याच्या वादकांस रानातील पाखरांप्रमाणे अजाण स्फूर्तीचे धनी ठरविले. त्या कौतुकात एक प्रकारचा अपमान दडलेला आहे. वॉशिंग्टन येथील तो कागद त्या समजुतीस पुरेसे उत्तर आहे.

ह्या प्रारंभीच्या मुद्रिकांचे दोषही सांगितले पाहिजेत. लिलचा पियानो बहुतांशी ठोकळेबाज आहे. ओरीचा ट्राँबोन एकटा पुढे आला की, बोजड वाटतो. परंतु सर्वजण एकदम वाजवू लागताच हेच ठोकळे पाया होतात आणि तोच बोजडपणा भारदस्तपणा होतो. जॉनी डॉड्सची गोष्ट वेगळी. त्याच्या क्लॅरिओनेटात एक खरखरीत, कळवळ्याचा सूर आहे. ब्लूजच्या संथ चालीत तो आर्मस्ट्राँगच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो.

१९२७ च्या मे महिन्यात दोन बदल एकदम दिसतात. मुद्रण आता विजेच्या ध्वनिग्राहकाने होत होते. कर्ण्याच्या पद्धतीत नगाऱ्याचा धक्का सुईस सोसत नसे, म्हणून पाच जणांच्या मेळ्यात ढोलवाला घेतलेलाच नव्हता. आता जॉनीचा भाऊ बेबी डॉड्स ढोलावर आणि पीट ब्रिग्ज ट्यूबा ह्या अजस्र शिंगावर आला, आणि मेळ्याचे नाव ‘हॉट सेव्हन’ झाले. आठवडाभरात अकरा मुद्रिका झाल्या. खाली जमीन पक्की झाल्यामुळे वर उड्डाण करणारास मोकळीक मिळाली. १० मे रोजी झालेली ‘पोटेटो हेड ब्लूज’ ऐकावी. नावावर जाऊ नये. ह्या मंडळींची नावे बहुधा स्वयंपाकघरातून किंवा गल्लीतून आलेली असतात. प्रथम सर्वांचे मिळून वादन, मग डॉड्सचे सरळ, निटस आवर्तन. आणि नंतर सारा मेळा गप्प होतो. आठ मात्रांतून एकदा, पहिल्या मात्रेवर, सर्वजण मिळून एक ठोका देतात, आणि मधली सारी पोकळी कॉर्नेटच्या स्वाधीन. बत्तीस खंडांचे संपूर्ण आवर्तन आर्मस्ट्राँग ह्या पोकळीवर एकट्याने उभे करतो. ठोका येण्यापूर्वी तो पुढे निघून जातो, कधी मागे रेंगाळतो, आणि प्रत्येक वेळी ठोका त्याच्या वाक्यात विरामचिन्हासारखा जाऊन बसतो. जुन्या पद्धतीत सोबती त्याच्याशी बोलत होते. येथे ते त्याच्या बोलण्यावर माना डोलवीत आहेत.

दुसऱ्या दिवशी, ११ मे रोजी, ‘मेलँकली ब्लूज’ झाली. तिचे भाग्य असे की, १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने आकाशात सोडली, तेव्हा पृथ्वीवरील संगीताचा नमुना म्हणून त्यांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली, तिच्यात ह्या मुद्रिकेस स्थान मिळाले. त्याच तबकडीत गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांची भैरवी आहे. केसरबाईंचा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईस अंत झाला. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावण्याकरिता जयपूर घराण्याच्या गायिकेस आपला पट किती आवरावा लागला असेल ते जाणकार जाणतातच. शिकागोच्या सात जणांस तीच मर्यादा होती. मात्र त्यांनी तिच्या मापानेच आपली कला बेतली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये मूळचे पाच जण पुन्हा जमले. ९, १० व १३ ह्या तारखांस झालेल्या मुद्रिका आम्ही ह्या साऱ्या संग्रहाचे हृदय मानतो. जुने आणि नवे ह्यांचे पारडे ह्यांत जसे समतोल आहे तसे आधी नव्हते आणि पुढे राहिले नाही. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ हिच्यात आर्मस्ट्राँगचे आवर्तन एकट्याचे, परंतु ते जेथे संपते तेथे सोबत्यांचा घोळका त्यास पुन्हा आपल्यात ओढून घेतो, जणू गावी परतलेला मुलगा. ‘हॉटर दॅन दॅट’ हिच्यासाठी लॉनी जॉन्सन हा गिटारवादक पाहुणा म्हणून आणला होता. हिच्या मध्यावर आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांवर गात असता एकाएकी चार मात्रांच्या ठेक्यावर दीड-दीड मात्रेची पावले टाकू लागतो आणि कितीतरी खंड ती तशीच चालवितो. ठेका एकीकडे आणि गाणे आडव्या लयीत दुसरीकडे. श्रोत्याचा श्वास अडतो, आणि मग तो अलगद समेवर येतो. नंतर कंठ आणि गिटार ह्यांचे सवालजबाब. तबला आणि सतार ह्यांचे असे सवालजबाब ऐकलेल्या कानास येथे दुभाष्याची गरज पडत नाही.

ही त्या पाच जणांची अखेरची बैठक ठरली. भांडण झाले नाही, कोणी कोणास काढून टाकले असेही नाही. आर्मस्ट्राँग रात्री सॅव्हॉय ह्या नव्या नृत्यगृहात कॅरोल डिकरसनच्या वाद्यवृंदात वाजवीत होता, आणि जून १९२८ मध्ये तबकड्यांची वेळ आली तेव्हा त्याने त्याच वृंदातील सोबती बरोबर नेले. कागदावर नाव हॉट फाइव्ह, माणसे सहा, आणि जुन्यांपैकी आर्मस्ट्राँगखेरीज एकही नाही.

नव्यांत एक माणूस मात्र असा होता की, त्याच्यापुढे लिलचा पियानो आठवणेही कठीण. अर्ल हाइन्स ह्याचा उजवा हात पियानोवर कर्ण्यासारख्या खणखणीत ओळी काढी आणि डावा हात ठेक्याशी लपंडाव खेळे. हाइन्सच्या आधी शिकागोत टेडी वेदरफोर्ड ह्या पियानोवाल्याचे नाव होते. अर्स्किन टेट ह्याच्या वृंदात तो आर्मस्ट्राँगच्या बरोबर वाजवी, आणि १९२६ च्या मे महिन्यात त्या वृंदाच्या दोन मुद्रिका झाल्या, त्यांत दोघेही ऐकू येतात. त्याच वर्षी वेदरफोर्डने पूर्वेची वाट धरली. शांघायसारखी बंदरे करीत तो मुंबईस ताजमहाल हॉटेलात आला, आणि पुढे कलकत्त्यास गेला. तेथे १९४५ साली पटकीने त्याचा अंत झाला. असे काही वादक आणि पुष्कळशा तबकड्या ह्यांच्या द्वारे हे संगीत गोमंतकीय वादकांच्या हाती आले. आल्दोन्याच्या आंतोनियो शाव्हिएर वाझ ह्यास, म्हणजे चिक चॉकलेट ह्यास, मुंबईकर ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र ह्यांनी, ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या संगीतात त्याचे साहाय्य घेतले, हे जुन्या चित्रपटरसिकांस ठाऊक असेल. पदवी कोणती मिळाली ते पाहावे : एका माणसाची. हिंदुस्थानचे हॉट फाइव्ह असे कोणी कोणास म्हटले नाही. आमच्या बंदरास जॅझ लागले ते ही क्रांती पुरी झाल्यानंतर.

ती पुरी झाली २८ जून १९२८ रोजी, ‘वेस्ट एंड ब्लूज’ ह्या मुद्रिकेत. चाल ऑलिव्हरची. गुरूने स्वतः ती त्याच महिन्याच्या ११ तारखेस आपल्या वृंदासह मुद्रित केली होती. आणि अठरावे दिवशी शिष्याने तीच चाल उचलली. आरंभी ना ठेका, ना साथ. आर्मस्ट्राँगचे वाद्य, जे आता कॉर्नेटच्या जागी ट्रंपेट झाले होते, एकटेच चार पायऱ्या चढून जाते, आणि मग सुमारे बारा सेकंदांत वरून खाली असे कोसळत येते की, त्यात लय आहे हे जाणवते पण मोजता येत नाही. ह्या प्रारंभाचा एक लहानसा अंकुर १९२४ साली एका गायिकेच्या साथीत त्याने वाजविलेल्या तानेत सापडतो. म्हणजे येथेही मुरवण चार वर्षांची. नंतर चाल शांतपणे येते. ट्राँबोन बोलतो, क्लॅरिओनेटशी आर्मस्ट्राँगचा कंठ हळुवार संवाद करतो, हाइन्स एक आवर्तन घेतो. शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग तारसप्तकातील एकच सूर धरतो आणि जवळजवळ चार खंड सोडीत नाही. खाली कॉर्ड बदलत जातात, आणि त्या अचल सुराचा रंग त्यांच्याबरोबर पालटत राहतो. षड्ज लावून बसलेल्या गवयाची सिद्धी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ह्या चार खंडांचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

ऑलिव्हरच्या तबकडीशेजारी ही ठेवून ऐकली म्हणजे मन द्विधा होते. गुरूच्या हिरड्या त्या सुमारास खराब झाल्या होत्या. त्याचा वृंद नीटस पण निर्जीव वाजतो. शिष्याची मुद्रिका अद्वितीय आहे ह्यात शंका नाही. परंतु तिच्यातील क्लॅरिओनेट आणि ट्राँबोन ह्यांनी काय केले असे कोणी विचारले, तर त्यांनी वाट करून दिली, एवढेच उत्तर देता येते. जिमी स्ट्राँग हा डॉड्स नव्हे, फ्रेड रॉबिन्सन हा ओरी नव्हे. आणि ते तसे नव्हते म्हणूनच ही मुद्रिका अशी होऊ शकली, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. तिघांनी तीन चाली एकत्र गुंफण्याची जी कला न्यू ऑर्लिन्सने दोन पिढ्यांत कमावली, ती येथे मागे पडली. एका माणसाच्या अंतःकरणातील गूढ बोलावयाचे, तर बाकीच्यांनी गप्प बसलेच पाहिजे. आणि बाकीच्यांनाही अंतःकरण असते. पुष्कळ इतिहासकार ह्या पालटास निखळ प्रगती म्हणतात. आम्हांस तसे म्हणवत नाही, आणि जुन्याच्या भक्तांप्रमाणे त्यास अधःपात म्हणणे तर ‘वेस्ट एंड ब्लूज’ एकदा ऐकल्यावर अशक्यच आहे.

५ डिसेंबर १९२८ रोजी ह्या पालटाचे अखेरचे टोक गाठले गेले. ‘वेदर बर्ड’ ही चाल ऑलिव्हरच्या मेळ्याने एप्रिल १९२३ मध्ये त्या पहिल्या तबकड्यांत वाजविली होती. आता ती आर्मस्ट्राँग आणि हाइन्स दोघांनीच घेतली. तिसरे कोणी नाही. दोघे एकमेकांस चकवतात, एक ठेका लपवितो, दुसरा तो शोधून काढून त्याच्याच अंगावर उलटवितो. मेळ्यातले परस्परांचे ऐकणे येथे पुन्हा अवतरले आहे. फक्त ते दोन महारथींचे आहे. कंपनीसही ह्या मुद्रिकेचे काय करावे ते लगेच सुचले नसावे, कारण ती बाजारात आली १९३० मध्ये. तोपर्यंत आर्मस्ट्राँग न्यू यॉर्कला जाऊन मोठ्या वृंदापुढे उभा राहून त्या काळची लोकप्रिय गीते गाऊ लागला होता, आणि हॉट फाइव्ह हे नाव मागे पडले होते.

ज्यांनी वाट करून दिली त्यांचे पुढे काय झाले? मंदीची वर्षे आली. ओरी कॅलिफोर्नियात जाऊन भावाबरोबर कोंबड्या पाळू लागला. सेंट सिर न्यू ऑर्लिन्सला परतून भिंतींस गिलावा करण्याच्या आपल्या जुन्या धंद्यास लागला. डॉड्स शिकागोतच राहिला, भावाबरोबर भाड्याच्या मोटारींचा व्यवसाय पाही आणि मिळेल तेथे वाजवी. तो १९४० च्या ऑगस्टमध्ये वारला. किंग ऑलिव्हरचे दात गेले. जॉर्जिया प्रांतातील सॅव्हाना गावी एका खेळघराची झाडलोट करीत त्याने शेवटचे दिवस काढले आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये देह ठेवला. १९४० च्या सुमारास जॉर्ज अवाकियन नावाच्या एका महाविद्यालयीन तरुणाने कंपनीच्या कोठारातून ह्या तबकड्या, काही तर कधी बाजारात न आलेल्या, शोधून काढून नव्याने प्रसिद्ध करविल्या. जुन्या पद्धतीविषयी लोकांत पुन्हा आस्था उत्पन्न झाली, आणि १९४४ मध्ये ओरी ट्राँबोन घेऊन रेडिओवर परत आला. तो कोंबड्यांच्या खुराड्यातून आला ह्याची रसिकांस फार गंमत वाटली. ओरीस ती किती वाटली ते कोठे नमूद नाही.

लिल आणि लुई ह्यांचा कायदेशीर घटस्फोट १९३८ मध्ये झाला. तिने पुन्हा लग्न केले नाही. लुई ६ जुलै १९७१ रोजी वारला. पुढच्याच महिन्यात, २७ ऑगस्ट रोजी, शिकागो येथे त्याच्या स्मरणार्थ जाहीर जलसा झाला. लिल तेथे पियानोवर बसली होती. वाजविता वाजविताच ती कोसळली, आणि त्यातच तिचा अंत झाला.